‘बसवणे’ : सांध्याचे आणि माणसाचे
(खुब्याचा सांधा निखळल्यानंतरच्या दीर्घ सुधारणेविषयी भाषिक विवेचन)

१. प्रास्ताविक

मराठीत ‘बसवणे’ हे रूप दोन निरनिराळ्या अर्थांनी योजले जाते. ‘वैद्याने निखळलेला सांधा बसवला’ ह्या वाक्यात ते प्रयोजक क्रियापद आहे. सांधा आपण होऊन बसत नाही. कोणीतरी तो बसवतो. ‘त्याला फार वेळ खाली बसवत नाही’ ह्या वाक्यात ते शक्य क्रियापद आहे. येथे कोणी कोणास बसवत नाही; ती क्रिया करण्यास देह राजी आहे किंवा नाही, एवढेच सांगितले जाते. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) ह्या ग्रंथात प्रयोजक आणि शक्य क्रियापदांचा विचार झालेला आहे आणि व्याकरणाच्या विद्यार्थ्यास हा भेद परिचित आहे.

खुब्याचा सांधा अपघाताने निखळलेल्या माणसाच्या आयुष्यात मात्र हे दोन अर्थ केवळ व्याकरणाच्या पुस्तकात राहत नाहीत. ते एकापाठोपाठ एक प्रत्यक्षात येतात. सांधा बसवणे हे वैद्याचे काम असून ते काही मिनिटांत उरकते. माणसाला पुन्हा बसवणे, उठवणे, चालवणे ही त्याच्या स्वतःच्या देहाची गोष्ट असून तिला महिने, कधी कधी वर्षे लागतात. पहिले साधले म्हणजे दुसरे साधलेच, अशी समजूत रुग्णाच्या घरी सहज रूढ होते. दुसरीकडे सुधारणा मोजण्याची जी साधने जगभर प्रचलित आहेत, त्यांपैकी काही ह्या दुसऱ्या प्रकारच्या बसण्याची चौकशीच करीत नाहीत. ह्या दोन्ही गोष्टींचा विचार रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील जीवनक्रम दृष्टीसमोर ठेवून येथे केला आहे. ज्या प्रदेशात माणसाची उपजीविका, जेवण, प्रार्थना आणि शौच ही सर्व जमिनीच्या पातळीवर चालतात, तेथे ‘बरे होणे’ म्हणजे काय, हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच भाषेचाही आहे.

२. सांध्याची रचना आणि त्याची नावे

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कटीच्या हाडातील खोल वाटीत बसते. शालेय पुस्तकांत ह्या रचनेस ‘उखळीचा सांधा’ म्हणतात. हे नाव फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार सांगितले असून त्यांपैकी एक ‘उलूखल’ आहे, आणि काख व वंक्षण, म्हणजे जांघ, ही त्याची स्थाने दिली आहेत. संस्कृत ‘उलूखल’ आणि मराठी ‘उखळ’ ह्यांचे नाते उघड आहे. रोमन लोकांना हीच वाटी व्हिनेगर ठेवण्याच्या लहान पेल्यासारखी दिसली आणि त्यावरून तिचे लॅटिन नाव पडले. दोन्ही समाजांनी आपल्या स्वयंपाकघरातील भांड्यावरूनच ह्या हाडाला नाव दिले.

उखळ खोल असल्यामुळे हा सांधा खांद्यासारखा सहज निखळत नाही. त्यासाठी मोठा आघात लागतो. मोटारीत बसलेल्या माणसाचा गुडघा समोरच्या फळीवर आदळतो, मांडीचे हाड मागे रेटले जाते आणि त्याचा गोळा वाटीबाहेर पडतो, हा आजच्या काळातील नेहमीचा प्रकार होय. दुचाकीचे अपघात आणि उंचावरून पडणे ही इतर कारणे. पनवेल, पेण, माणगाव, महाड ह्या मार्गाने जाणारा मुंबई-गोवा महामार्ग आणि त्यातून किनाऱ्याकडे फुटणारे वळणावळणाचे घाटरस्ते ह्या जिल्ह्यात आहेत. अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन ह्या तालुक्यांच्या वाड्यांत नारळी-पोफळींवर चढणारी माणसेही आहेत. आघाताच्या दोन्ही वाटा येथे मोकळ्या आहेत.

दहापैकी सुमारे नऊ वेळा गोळा मागच्या बाजूस निसटतो. अशा वेळी पाय आखूड दिसतो, गुडघा आत वळतो आणि मांडी दुसऱ्या मांडीकडे झुकते. गोळा पुढे निसटल्यास उलट स्थिती होते आणि पाय बाहेर वळून फाकतो. ग्रीक वैद्य हिपॉक्रॅटिस याच्या सांध्यांवरील ग्रंथात मांडी निखळण्याच्या चार दिशा वर्णिल्या आहेत. सुश्रुताच्या निदानस्थानात भग्नाचे दोन वर्ग केले आहेत : सांधा सुटणे तो ‘सन्धिमुक्त’ आणि हाड मोडणे तो ‘काण्डभग्न’. पहिल्याचे सहा आणि दुसऱ्याचे बारा प्रकार तेथे गणले आहेत. बोलीत मात्र निखळणे, निसटणे, सरकणे आणि मोडणे ह्या शब्दांच्या सीमा इतक्या स्पष्ट नसतात. ‘हाड सरकले’ असे सांगणाऱ्या रुग्णाच्या वाटीचा काठही मोडलेला असू शकतो. टॉम्सन आणि एप्स्टाइन यांनी १९५१ साली २१ वर्षांतील २०४ रुग्णांच्या पाहणीवरून मागे निखळणाऱ्या खुब्याचे जे पाच प्रकार ठरवले, त्यांचा पायाच मुळी हा आहे : नुसते निखळणे किती आणि त्याबरोबर मोडणे किती. मोडण्याचा भाग जितका मोठा, तितके पुढचे भवितव्य अनिश्चित.

सांधा बसवण्याची आधुनिक पद्धती भूल देण्याच्या शोधानंतर स्थिरावली. १८४६ साली बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला. त्याचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध करणाऱ्या हेन्री जेकब बिगेलो यानेच पुढे १८६९ साली खुब्याच्या निखळण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सांध्याच्या पुढच्या बाजूस असलेल्या बळकट अस्थिबंधाची जाण ठेवून मांडी वाकवून फिरवली, तर कप्पी लावून ओढण्याची गरज राहत नाही, हे त्याने दाखवले. खुब्याभोवतीचे स्नायू शरीरातील अत्यंत जोरकस स्नायूंपैकी आहेत. भूल दिल्यावाचून ते सैल होत नाहीत, आणि क्ष-किरण चित्रावाचून मोडलेला तुकडा दिसत नाही. गावातील हाडवैद्याचा हात कितीही सराईत असला, तरी खुब्याच्या बाबतीत ह्या दोन अडचणी त्याच्या कौशल्याच्या बाहेर राहतात.

३. ‘सांधा बसला’ : साध्या भूतकाळाची फसवणूक

‘सांधा बसला’ हे वाक्य ऐकणाऱ्यास पूर्णविरामासारखे वाटते. क्रिया संपली, वस्तू आपल्या जागी गेली, विषय मिटला. मराठीत ‘बसणे’ ह्या क्रियापदाला स्थैर्याची छटा आहेच. घडी बसते, जम बसतो, विश्वास बसतो. त्यामुळे हाड ‘बसले’ म्हणताच त्याबरोबर कायमपणाची खात्रीही मनात येते. देहात घडते ते वेगळे असते.

मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या सांध्याच्या अगदी लगत हाडाच्या मानेवरून वर चढतात. गोळा वाटीबाहेर पडला की त्या ताणल्या जातात, पिळल्या जातात, क्वचित तुटतात. म्हणून सांधा सहा तासांच्या आत बसवावा, असा शल्यचिकित्सेचा सर्वसाधारण नियम आहे. ह्या किनाऱ्यावर सहा तास ही मुदत वाटते तितकी सैल नाही. रेवदंड्याजवळ कुंडलिका, मुरूड आणि श्रीवर्धन ह्यांच्या दरम्यान राजपुरीची खाडी, दक्षिणेस बाणकोटची खाडी अशा जलमार्गांनी ही पट्टी कापलेली आहे. आगरदांडा आणि दिघी समोरासमोर दिसत असली, तरी त्यांच्यामध्ये पाणी आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली, तेव्हापासून वाहन मिळणे सुकर झाले आहे. तथापि भूलतज्ज्ञ, अस्थिशल्यविशारद आणि शस्त्रक्रियागृह ही तिन्ही एकत्र असलेल्या ठिकाणी पोहोचणे हीच खरी मुदत होय. ‘आधी ओळखीच्या माणसाकडून बसवून पाहू’ ह्या विचारात गेलेला वेळ ह्याच सहा तासांतून वजा होतो.

मुदतीत बसवलेल्या सांध्याचेही रक्ताभिसरण नेहमी पूर्ववत होतेच असे नाही. ते खंडित राहिल्यास गोळ्यातील अस्थिपेशी मरतात, हाड आतून पोकळ व ठिसूळ होत जाते आणि शरीराच्या भाराखाली शेवटी खचते. ह्या अस्थिमृत्यूचे लक्षण लागलीच दिसत नाही. रुग्ण कुबड्या टाकून चालू लागतो, कामावर जातो, आणि मग अनेक महिन्यांनी जांघेत कळ येऊ लागते. बहुतेक वेळा ही विकृती दोन वर्षांच्या आत प्रकट होते. काहींत त्याहूनही उशिरा. साध्या क्ष-किरण चित्रात ती उशिरा दिसते, चुंबकीय प्रतिमेत लवकर. म्हणूनच काहीही दुखत नसताना ठराविक अंतराने तपासणीस येण्याचा आग्रह धरला जातो. ‘सांधा बसला’ ह्या वाक्यावर विसंबलेल्या माणसास हा आग्रह निरर्थक वाटतो, आणि तपासणी सुटते ती नेमकी येथे.

अमेरिकेतील बो जॅक्सन या खेळाडूचे उदाहरण ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. फुटबॉल आणि बेसबॉल ह्या दोन्ही व्यावसायिक खेळांत अग्रभागी असलेल्या ह्या खेळाडूच्या खुब्यास जानेवारी १९९१ मध्ये सामना चालू असताना इजा झाली. पुढे अस्थिमृत्यूचे निदान झाले आणि १९९२ साली त्याच्या ठिकाणी कृत्रिम सांधा बसवावा लागला. १९९३ साली तो बेसबॉलच्या मैदानावर परतला, परंतु फुटबॉल त्याला पुन्हा खेळता आला नाही. उत्तम उपचार हाताशी असणाऱ्या माणसाची ही कथा आहे. खुब्याची दुखापत क्षणात होते आणि तिचा निकाल महिन्यांनी लागतो, हे ती स्पष्ट करते.

दुसरा दूरचा परिणाम म्हणजे सांध्याची झीज. आघाताच्या क्षणी कूर्चेवर बसलेला मार चित्रात दिसत नाही, पण तो पुसलाही जात नाही. उपाध्याय, मोल्टन आणि श्रीकृष्णमूर्ती यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हाड न मोडता केवळ सांधा मागे निखळलेल्या ७४ रुग्णांची सरासरी १४ वर्षांहून अधिक काळानंतर पाहणी केली होती. त्यांपैकी १६ टक्के रुग्णांच्या सांध्यात निश्चित झीज आढळली आणि आणखी ८ टक्के रुग्णांत अस्थिमृत्यूमुळे आलेली झीज आढळली. म्हणजे सर्वांत सौम्य समजल्या जाणाऱ्या प्रकारातही सुमारे चौघांपैकी एकाचा सांधा पुढे बिघडला. ह्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चौघांपैकी तिघांत अशी झीज आढळली नाही. सावधगिरी आवश्यक आहे, निराशा नव्हे.

तिसरा परिणाम मज्जातंतूचा. सांध्याच्या मागून जाणारा सायटिक मज्जातंतू मागे सरकलेल्या गोळ्याखाली दाबला जातो. सुमारे दहापैकी एका रुग्णात असे घडते. त्यातील पावलाकडे जाणाऱ्या शाखेस इजा झाली तर पाऊल वर उचलता येत नाही आणि चालताना बोटे जमिनीला घासतात. मज्जातंतूची वाढ दिवसाला साधारणतः एक मिलिमीटर ह्या गतीने होते. नितंबापासून गुडघ्याच्या खालपर्यंतचे अंतर अर्धा मीटर धरले, तर तो प्रवास ५०० दिवसांचा, म्हणजे जवळजवळ दीड वर्षाचा होतो. सहा महिन्यांत पाऊल उचलले नाही म्हणून हताश होणाऱ्या रुग्णास हे साधे गणित सांगणे हाही उपचाराचा भाग आहे.

सुश्रुताच्या चिकित्सास्थानात भग्न सांधा स्थिर होण्याचा काळ वयाप्रमाणे दिला आहे : पहिल्या वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट, उतारवयात तिप्पट. आजही फाटलेले आवरण आणि अस्थिबंध भरून येण्यास सुमारे सहा ते बारा आठवडे धरले जातात. ह्या दोन कालमर्यादा एकमेकींच्या बऱ्याच जवळ आहेत. मात्र सुश्रुत जे सांगतो ते ‘स्थिर होणे’. स्थिर होणे, बरे होणे आणि कामाला लागणे ह्या तीन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांना एकच क्रियापद लावले की गोंधळ सुरू होतो.

४. सुधारणेचे मोजमाप

१९६९ साली बोस्टनचे अस्थिशल्यविशारद विल्यम हॅरिस यांनी खुब्यासाठी १०० गुणांचे एक माप सुचवले. ज्या लेखात ते प्रथम मांडले गेले, त्याचा विषय खुबा निखळल्यानंतर आणि वाटी मोडल्यानंतर येणारी सांध्याची झीज हाच होता. प्रस्तुत दुखापतीशी ह्या मापाचे नाते असे जन्मापासूनचे आहे. त्यात वेदनेस ४४ गुण, कार्यक्षमतेस ४७, सांध्याच्या हालचालीस ५ आणि व्यंग नसल्याबद्दल ४ गुण आहेत. कार्यक्षमतेच्या ४७ गुणांपैकी लंगडणे, आधार घेणे आणि चालण्याचे अंतर ह्यांना प्रत्येकी ११; जिना चढणे ४; बूट-मोजे घालणे ४; बसणे ५; सार्वजनिक वाहनात चढणे १, अशी वाटणी आहे.

येथे ‘बसणे’ ह्या सदराचा तपशील पाहण्यासारखा आहे. साध्या खुर्चीवर तासभर सुखाने बसता आले की पाचपैकी पाच गुण. उंच खुर्चीवर अर्धा तास बसता आले की तीन. जमिनीवर बसण्याचा तेथे उल्लेख नाही. १९९६ साली ऑक्सफर्ड येथे तयार झालेल्या बारा प्रश्नांच्या मापात, जेवणानंतर खुर्चीवरून उठताना किती दुखते, असे विचारले आहे. जेवण मेजावरच होते, हे त्यात गृहीत धरले आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका मापात उकिडवे बसण्याचा प्रश्न आहे खरा, परंतु तो धावण्याबरोबर ‘खेळ व करमणूक’ ह्या विभागात पडला आहे.

ही मापे सदोष आहेत, असा ह्याचा अर्थ नव्हे. ज्या समाजासाठी ती घडवली गेली, तेथे लोक खुर्चीवर बसतात, बूट-मोजे घालतात आणि उकिडवे बसण्याचा प्रसंग त्यांना खेळातच येतो. दोष उद्भवतो तो माप जसेच्या तसे उचलून, शब्दाला शब्द ठेवून भाषांतरित केल्याने. असे भाषांतर व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही निर्जीव राहू शकते. वर्षभर चप्पल घालणाऱ्या किंवा अनवाणी राहणाऱ्या माणसास मोज्यांविषयी विचारल्यास तो सौजन्याने ‘काही त्रास नाही’ असे उत्तर देईल आणि चार गुण पदरात पडतील. अशा रीतीने शंभरपैकी शंभर गुण मिळवलेला माणूस घरी गेल्यावर पंगतीला बसू शकत नाही, हे अशक्य नाही.

५. किनाऱ्यावरील बसण्याची कोटी

मराठीत बसण्याच्या प्रकारांना स्वतंत्र नावे आहेत, आणि प्रत्येक नावाच्या मागे खुब्याची वेगळी स्थिती आहे. मांडी घालून बसताना मांडी वाकते, फाकते आणि बाहेर वळते. उकिडवे बसताना ती काटकोनाच्या पुष्कळ पलीकडे वाकून पोटाशी येते आणि सर्व भार तळव्यांवर राहतो. चवड्यांवर बसताना तोल सांभाळण्याचे काम वाढते. विळीवर नारळ खवताना एक गुडघा उभा आणि दुसरा पाय दुमडलेला असतो, म्हणजे दोन खुब्यांची कामे निरनिराळी असतात. पाय पसरून जाळे दुरुस्त करताना खुबा काटकोनात राहतो, पण कंबर वाकत राहते. फतकल मारून बसणे हे बहुधा थकव्याचे बसणे असते. गुडघे मोडून टाचांवर बसणे पूजेत आणि नमाजात येते. पाटावर बसणे हे जमीन आणि खुर्ची ह्यांच्या मधले आहे, आणि म्हणूनच सुधारणेच्या मधल्या टप्प्यात ते उपयोगी पडते.

ही सूची केवळ शब्दसंग्रहाची नाही. मासळी निवडणाऱ्या व विकणाऱ्या कोळिणीचा दिवस उकिडवे बसण्यात किंवा ठेंगण्या पाटावर जातो. भातलावणीत माणूस कमरेतून दुमडून तासन्‌तास मागे मागे सरकतो. पोफळीवर चढणारा पायांच्या मिठीत खोड धरतो, तेव्हा दोन्ही मांड्या वाकलेल्या, फाकलेल्या आणि बाहेर वळलेल्या असतात आणि सर्व देहाचा भार त्यांवर तोललेला असतो. होडीच्या काठावरून पाण्यात उतरताना एकाच पायावर भार येतो, आणि खालची वाळू स्थिर नसते. जिन्याची चार पायऱ्यांची परीक्षा ह्यांपैकी कशाचेही प्रमाण देत नाही.

रुग्णास दिल्या जाणाऱ्या सूचनांनाही हेच लागू आहे. ‘वाकू नका’ ही सूचना अपुरी आहे. कारण कंबर न वाकवताही खुबा वाकतो, आणि उकिडवे बसणाऱ्यास आपण ‘वाकलो’ असे वाटत नाही. गोळा मागे निखळला असेल तर पहिल्या काही आठवड्यांत मांडी काटकोनापलीकडे वाकवणे, ती दुसऱ्या पायावरून पलीकडे नेणे आणि गुडघा आत वळवणे ही तिन्ही एकत्र टाळावयाची असतात. म्हणजे ठेंगण्या आसनावरून पुढे झुकून उठणे, पायावर पाय टाकणे आणि जमिनीवरील वस्तू उकिडवे बसून उचलणे धोक्याचे. गोळा पुढे निखळला असेल, तर धोक्याची दिशा फाकण्याची व बाहेर वळण्याची, म्हणजे मांडी घालण्याच्या अंगाची असते. ‘खाली बसू नका’ ह्या एकाच सूचनेत हा भेद बुडून जातो. ‘मांडी घालू नका’, ‘उकिडवे बसू नका’, ‘पाटावरून एकदम उठू नका’ अशा नेमक्या शब्दांत ती दिली, तर पाळणारा ती पाळू शकतो. बंदी किती आठवड्यांची, तेही सांगितले पाहिजे. मुदत नसलेली बंदी एक तर लगेच मोडली जाते, नाही तर जन्मभर पाळली जाते. आणि जन्मभर न वाकवलेला सांधा आखडतो.

६. येणे, ‘-वणे’ आणि धजणे

मराठीत सामर्थ्य सांगण्याचे मार्ग अनेक आहेत, आणि त्यांचा उपयोग वैद्यकात व्हावा तसा होत नाही. पुढील वाक्ये पाहावीत : ‘मला मांडी घालता येत नाही.’ ‘मला मांडी घालून बसवत नाही.’ ‘मी मांडी घालून बसायला धजत नाही.’ इंग्रजी प्रश्नावलीचे भाषांतर करताना तिन्हींच्या जागी बहुधा ‘मी बसू शकत नाही’ एवढेच उरते.

वस्तुतः तिघांचे विधान भिन्न आहे. पहिल्यास ती क्रियाच साधत नाही. सांधा तेवढा वळत नाही. तो आखडला आहे, किंवा सभोवती नवे हाड वाढून हालचाल रोखली गेली आहे. दुसऱ्याला मांडी घालता येते, पण त्या स्थितीत राहवत नाही. तेथे वेदना आहे, किंवा स्नायूंत बळ नाही. तिसऱ्याला कदाचित येतही असेल आणि बसवतही असेल, परंतु पुन्हा निखळेल ह्या भीतीने तो तसे करून पाहत नाही. पहिल्यास तपासणी आणि हालचालीचे व्यायाम हवेत, दुसऱ्यास वेदनेच्या कारणाचा शोध, आणि तिसऱ्यास विश्वास. विशेषतः पूर्वी बसवत होते आणि आता बसवत नाही, असे वर्षभरानंतर कोणी सांगू लागला, तर अस्थिमृत्यूची शंका घेऊन चित्र काढलेच पाहिजे. ‘येते पण बसवत नाही’ एवढ्या चार शब्दांत मराठी रुग्ण जे निदानोपयोगी विधान करतो, ते ‘बसू शकता का?’ ह्या प्रश्नाच्या ‘हो-नाही’त हरवते.

वेदनेच्या आणि चालीच्या शब्दांचेही असेच आहे. जांघेतील ‘कळ’, हाडातील ‘ठणका’, पायातून जाणारी ‘चमक’ आणि पावलातील ‘मुंग्या’ हे पर्याय नव्हेत. पहिल्या दोन शब्दांवरून सांध्याचा, तर शेवटच्या दोहोंवरून मज्जातंतूचा विचार प्रथम मनात यावा. ‘पाय टेकवत नाही’ असे म्हणणारा दुखऱ्या पायावरील वेळ चुकवतो. ‘डोलत चालतो’ त्याचे खुब्याच्या बाजूचे स्नायू दुर्बल असतात, आणि त्यासाठीची परीक्षा जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली वर्णिली आहे. ‘पाय ओढत’ चालणाऱ्याचे पाऊल उचलत नसते. ह्या सर्वांना ‘लंगडणे’ हे एकच नाव देऊन अकरा गुणांची मोजदाद केली, तर आकडा मिळतो, पण कारण निसटते. स्थलवाचक शब्दांचीही काळजी घ्यावी लागते. बोलीत ‘कंबर’ हा शब्द पाठीच्या खालच्या भागापासून खुब्यापर्यंत कोठेही लागू पडतो, आणि खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. तेव्हा ‘कोठे?’ ह्या प्रश्नाचे उत्तर शब्दात न घेता बोट ठेवून दाखवण्यास सांगणे बरे.

७. निष्कर्ष

जमिनीवरील बसण्याची दखल भारतीय व्यवस्थेने मुळीच घेतलेली नाही, असे नाही. अपंगत्वाचे प्रमाण ठरवण्यासाठी केंद्र सरकारने २००१ साली जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत पायाच्या स्थैर्याची परीक्षा करताना चालणे, जिना चढणे आणि उभे राहणे ह्यांच्या जोडीला उकिडवे बसणे, मांडी घालून बसणे आणि गुडघे टेकणे ह्यांचाही समावेश होता. मोटार अपघाताच्या भरपाईसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका निकालात असे स्पष्ट केले की, शारीरिक व्यंगाची टक्केवारी आणि कमाईच्या शक्तीतील घट ह्या एकच गोष्टी नव्हेत. त्याच हाताच्या हानीचा परिणाम वाहनचालकावर किंवा सुतारावर जेवढा होईल, तेवढा कारकुनावर होणार नाही. खुब्यास हा न्याय लावला तर असे म्हणावे लागेल की, मेजावर काम करणाऱ्याचा बरा झालेला खुबा आणि पोफळीवर चढणाऱ्याचा बरा झालेला खुबा चित्रात एकसारखा दिसला, तरी त्यांच्या बरे होण्याचा अर्थ एक नसतो.

यावरून काही व्यावहारिक सूचना निघतात. मराठी भाषकांसाठी खुब्याची प्रश्नावली तयार करताना परकीय मापाची सदरे ठेवावीत, म्हणजे तुलना शक्य होईल. परंतु त्यांच्या जोडीला आपले प्रश्न हवेत. जेवण संपेपर्यंत मांडी घालून बसवते काय? शौचास उकिडवे बसता येते काय, आणि आधार न घेता उठवते काय? विळीवर किंवा पाटावर बसून नेहमीचे काम पुरे होते काय? वाळूतून, चिखलातून, बांधावरून चालवते काय? अपघातापूर्वी जे काम करीत होता, त्यांतील कोणते अद्याप येत नाही, कोणते करवत नाही आणि कोणते करायला मन धजत नाही? हे प्रश्न सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षे अशा अंतराने, चित्रतपासणीबरोबर, पुनःपुन्हा विचारले जावेत. प्रश्नावली पक्की करण्यापूर्वी अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन ह्या तालुक्यांतील आगरी, कोळी आणि कोकणी मुसलमान भाषकांकडून तिची भाषा तपासून घ्यावी. कारण प्रमाण मराठीत नेमका असलेला शब्द बोलीत तितकाच नेमका असेल, असे नाही.

सांधा बसल्याच्या दिवशी रुग्णाच्या हाती जो कागद दिला जातो, त्यावरही एक वाक्य असावे : ‘सांधा बसला आहे, तो टिकला की नाही, हे दोन वर्षांनी कळेल.’ हे वाक्य भीती घालणारे नाही. ज्याला आपली वाडी, होडी किंवा मासळीची पाटी पुन्हा सांभाळावयाची आहे, त्याला आपल्यापुढील काळाची खरी लांबी त्यातून कळते, आणि न दुखणारा पाय दाखवण्यासाठी पुन्हा रुग्णालयाची वाट धरण्याचे कारणही मिळते.